मास्तरणीची डबी

९ जानेवारी

मास्तरणीने आज टाकीचं माप घेतलं! माझ्या टाकीचं! पट्टी घेऊन, चष्मा नाकावर ओढून — लांबी, रुंदी, उंची. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी पलंगावर पाय चोळत बसले होते, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मीच म्हटलं, "काय विहीणबाई, माशांना अंगडी शिवताय की काय?"

तर म्हणते, "जागा कमी पडतेय त्यांना, ताई. पाणी वाढवायला हवं."

जागा कमी पडतेय! कोण बोलतंय बघा! सुनेची आई, 'गुडघा बरा होईपर्यंत' म्हणून आली. गुडघा बऱ्यापैकी बरा झाला, बाई इथेच. माझ्या खोलीत दुसरा पलंग आला. कपाटाचे दोन खण गेले. खिडकीजवळची खुर्ची गेली. आता मासे तेवढे उरले होते.

मासे माझे. म्हणजे नातीचे. भिंगरी शिकायला परगावी गेली तेव्हा काचेची टाकी माझ्या खोलीत आणून ठेवली आणि म्हणाली, "आजी, मी येईपर्यंत सांभाळ हां." मला म्हणाली. मास्तरीण त्या दिवशी नुसती भेटायला आलेली, समोर चहा पीत होती. आता म्हणते, "ती आपल्या दोघींना म्हणाली." खोटारडी! पोर माझ्याकडे बघत होती. ही मध्ये बसली होती एवढंच.

१० जानेवारी

चार मासे आहेत. एक शेठ — नारिंगी, पोट सुटलेला, खाणं पडलं की सगळ्यांना ढकलून पुढे. एक शिपाई — बारीक, चंदेरी, दिवसभर काचेच्या कडेने गस्त घालतो. आणि दोघी काळ्या जावा. जावा म्हणजे एकमेकींकडे पाठ करून पोहतात म्हणून. नावं मी ठेवली. मास्तरीण त्यांना पुस्तकातल्या नावांनी हाका मारते. एक जण वळून बघत नाही! मी काचेवर बोट टेकवलं की शेठ धावत येतो. ती तेव्हा वर्तमानपत्रात तोंड घालते.

१३ जानेवारी

बेत कळला. आज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर फळ्यावर शिकवल्यासारखं सांगितलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं ना, सवय जात नाही. मी समजून घेतलं ते असं.

टाकी लहान, म्हणून पाणी लवकर घाण होतं. तर टाकीच्या मागच्या काठावर एक प्लास्टिकची डबी अडकवायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. आतल्या भागाला कंगव्यासारखे दाते. पाणी वर आलं की दात्यांतून डबीत शिरणार, वाकड्या नळीतून काठ ओलांडून बाहेरच्या अर्ध्या डबीत, तिथून मोठ्या नळीने खाली. खाली दुसरी टाकी. तिथे गाळायचं आणि पंपाने परत वर चढवायचं. दिवसभर हेच. खाली, वर, खाली, वर.

मी म्हटलं, "आणि खालची टाकी कुठे ठेवणार?"

"टाकीच्या टेबलाखाली कपाट आहे ना, त्यात."

त्यात माझी इस्त्री आहे! माझी! लाँड्रीतली! हे गेले, दुकान विकलं, सगळं दिलं, ही एक इस्त्री तेवढी ठेवली मी. मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलकडे बघून म्हणतो, "करू दे गं आई. त्यांचं मन रमतं." सून तर मास्तरणीचीच मुलगी, ती काय बोलणार!

माझं मन रमत नाही का? मला कोणी विचारलं कधी?

१४ जानेवारी

इस्त्री पलंगाखाली ढकलली. करंगळी चेमटली. डबीला शाप दिला.

२० जानेवारी

आजच्यासारखा दिवस पुन्हा येणे नाही!

शोभेच्या माशांच्या दुकानातला मासेवाला सामान घेऊन आला. डबी, नळ्या, पंप, खालची टाकी. माणूस बरा आहे, मला आजी म्हणतो, मास्तरणीला मॅडम. डबी अडकवली. पंपाचं बटण दाबलं. पाणी खालून वर आलं — आणि वरून खाली जाईना! डबीत शिरेना! वरची टाकी भरत चालली. पाणी काठाला भिडलं. मी दोन्ही पाय पलंगावर घेतले आणि मांडी घालून बघत बसले. कधी कोणता खेळ इतका मन लावून बघितला नव्हता.

मासेवाल्याने पंप बंद केला. म्हणाला, "मॅडम, वाकड्या नळीत हवा राहिलीय. ओढून काढावी लागेल." मास्तरणीने बारीक रबरी नळी घातली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. ओढलं ते भसकन! माशांचं पाणी घशात! डोळे पांढरे झाले बाईचे!

मी म्हटलं, "मीठ कमी होतं का हो?"

मासेवाला तोंड फिरवून खोकला. मास्तरीण चूळ भरायला गेली ती दार आपटून. पण गुडघा दुखतोय म्हणून दार हळूच आपटलं. तेही मी बघितलं.

२१ जानेवारी

चालू झालं. नळ उघडा टाकल्यासारखा आवाज येतो. दिवसभर मला मोरीकडे जावंसं वाटतं.

२५ जानेवारी

मास्तरीण सकाळी खालच्या टाकीसमोर बसते, पाणी किती उडून गेलं ते बघते, भर घालते. 'भर' म्हणजे आदल्या दिवशी काढून ठेवलेलं शिळं पाणी. ताजं चालत नाही म्हणे माशांना! आमच्या लाँड्रीत शिळ्या पाण्याला कोणी हात लावला नसता. मी म्हटलं, "मासे आहेत की पाहुणे?" तर म्हणते, "पाहुण्यांना एवढं जपावं लागत नाही, ताई. ते निघून जातात."

आणि हे माझ्या पलंगाच्या कडेवर बसून बोलते! स्वतः!

२९ जानेवारी

पाणी स्वच्छ झालंय. शेठच्या अंगावरचा खवला न् खवला दिसतो. कोणाला सांगणार नाही.

२ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं, सापडलं!

मास्तरीण दुपारी झोपली होती. मी शेठला हाक मारायला टाकीपाशी गेले तर मागच्या भिंतीवर ओले शिंतोडे. बघते तर काय — पंपाचं पाणी वर आणणारी जी नळी टाकीत तळापर्यंत जाते, तिला भोक! अगदी पाण्याच्या पातळीशी, दाभणाने पाडल्यासारखं. त्यातून फुर्र फुर्र पाणी उडतंय. एवढी शिकलेली बाई, एवढी मापं, एवढे आकडे, आणि फुटकी नळी लावून बसली!

आमच्या दुकानात वाफेची नळी होती, बॉयलरपासून प्रेसपर्यंत. तिला थेंबभर गळती लागली तरी ह्यांना जेवण जात नसे. भोक दिसलं की बुजवायचं — मग हातातलं काम राहू दे, गिऱ्हाईक उभं राहू दे. दोरा आणि मेण. घट्ट गुंडाळायचं, वर मेण चोळायचं. मीच करायची, माझी बोटं बारीक.

तेच केलं. देवळीतल्या मेणबत्तीचा तुकडा घेतला, पांढरा दोरा घेतला. पंप बंद करून नळी बाहेर काढली, पुसली, गुंडाळली, चोळली, परत बसवली. एक थेंब उडत नाही आता! भिंत कोरडी ठक्क!

तिला सांगणार नाही. भिंगरी आली की तिच्यासमोर सांगेन. "तुझ्या शाळाआजीने फुटकी नळी लावली होती बरं का, इस्त्रीआजीने सांधली." आम्हाला दोघींना ती असंच म्हणते — शाळाआजी, इस्त्रीआजी. कधी नव्हे ते आज इतकं बरं वाटतंय की चहात साखर जास्त घातली.

५ फेब्रुवारी

पदर अजून ओला आहे. तरी लिहिते.

मास्तरीण गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. वीज गेली. पंखा थांबला, पाण्याचा आवाज थांबला. मी म्हटलं, वा, शांतता! निवांत लसूण सोलत बसले. मग पायाला गार लागलं.

खोलीच्या उंबऱ्यावरून पाणी येत होतं. आत गेले तर खालची टाकी भरून वाहतेय! मास्तरणीच्या पलंगाखालची कपड्यांची पेटी पाण्यात! खरं सांगते, आधी हसूच आलं. म्हटलं, झाली फजिती! डबीची राणी! आता बोल!

मग वर बघितलं.

वरच्या टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं, आणि तेही डोळ्यांदेखत कमी होत होतं. पंपाची नळी उलटी ओढत होती, वरचं सगळं खाली. जावा दगडांत शिरून बसलेल्या. शिपाई तडफडत होता. शेठ आडवा. पोट वर, एक डोळा माझ्याकडे.

बादली घेतली नि नळाकडे धावले. तेवढ्यात दारातून मास्तरीण किंचाळली, "नळाचं नको! मरतील!"

"मग काय करू?"

"नळी काढा! आधी नळी पाण्याबाहेर काढा!"

"कुठली?"

"पंपाची!"

"त्यातली पंपाची कुठली?"

"अहो, तुमच्या नाकासमोर आहे ती!"

ओढून काढली. पाणी जायचं थांबलं. मास्तरणीने पिशवी टाकली, तशीच ओल्या जमिनीवर बसली. गुडघ्यासकट! "भांडं द्या!" "कोणतं?" "पातेलं, तांब्या, काहीही, फक्त साबण लागलेला नको!" ती खालच्या टाकीतलं पाणी भरून देई, मी वर ओती. एकदा मी जोरात ओतलं तर ओरडली, "कपडे भिजवताय का, हळू!" मी म्हटलं, "तुम्ही भरा लवकर, माझं मी बघते!" दोघी धापा टाकत होतो. पाणी अर्ध्यावर आलं, तरी शेठ आडवाच. मी काचेवर बोट टेकवलं. म्हटलं, "मेलास तर बघ! भिंगरीला काय सांगू रे मी?" मास्तरीण खालून म्हणाली, "सांगू आपण. आधी ओता."

मग शेपूट हललं. वाकडा पोहला, काचेवर आपटला, सरळ झाला.

आम्ही दोघी तिथेच ओल्यात बसून राहिलो. उठता कोणालाच येत नव्हतं.

६ फेब्रुवारी

काल एवढ्यावर थांबले. पुढचं लिहायला हवं, नको वाटलं तरी.

वीज आल्यावर मास्तरणीने नळी उजेडात धरली. बोट फिरवलं. "हे काय?"

"मेण."

"कोणी लावलं?"

"भोक होतं तिला. गळत होती."

तिने चष्मा नाकावर ओढला. मग शाळेतल्या ढ मुलीला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "भोक मी पाडलं होतं, ताई. मुद्दाम. वीज गेली की पंप थांबतो, आणि त्याच नळीतून पाणी उलटं खाली यायला लागतं. पातळी जराशी उतरली की त्या भोकातून हवा शिरते आणि पाणी तिथेच थांबतं. भोक बुजलं तर थांबतच नाही."

मी म्हटलं, "नळीला मुद्दाम भोक पाडणारी बाई जन्मात पहिल्यांदा बघतेय मी. सांगायला तोंड नव्हतं?"

"आणि बुजवलंत ते सांगायला?"

मुलगा संध्याकाळी आला, ओली खोली बघितली, कपाटाची फुगलेली फळी बघितली. "आई!" म्हणाला. तो आई म्हणाला की आम्ही दोघी वळतो. मास्तरणीने सगळं सांगितलं. मेण, दोरा, काही सोडलं नाही. मी म्हटलं, डबी नसती तर नळी नसती, नळी नसती तर भोक नसतं! तो म्हणाला, "बास! ही टाकी उद्या जाते घरातून."

आम्ही दोघी टाकीपुढे जाऊन उभ्या राहिलो. बहुतेक आमची तोंडं बघूनच त्याने आवाज खाली आणला. म्हणाला, "भिंगरी येतेय महिनाअखेर. तिचे मासे आहेत, ती म्हणेल ते शेवटचं. तोपर्यंत एक थेंब जरी सांडला ना—"

म्हणजे चेंडू पोरीच्या हातात. ती कोणाच्या बाजूची आहे ते मला ठाऊक आहे.

८ फेब्रुवारी

मास्तरणीचे पेटीतले कपडे वाळले, पण कसे? चुरगळलेल्या कागदासारखे. तिने ते तसेच घड्या घालून ठेवायला घेतले. मला बघवेना. पलंगाखालून इस्त्री काढली. म्हटलं, "द्या इकडे. तुमच्यासाठी नाही करत. माझ्या डोळ्यांना चुणी सहन होत नाही." तिने दिले. बाजूला बसून बघत राहिली. कॉलर उलटी करून आधी आतून करतात हे तिला माहीतच नव्हतं! एवढं विज्ञान शिकून काय उपयोग!

शेवटचा झाला तेव्हा म्हणते, "कडक झालीय." एवढंच. आभार मानायला जीभ जड होते बाईची. पण सगळे कपडे वरच्या खणात सरळ रचून ठेवले, एकावर एक, कड जुळवून. मी कपाट उघडून बघितलं.

१५ फेब्रुवारी

नळीला नवं भोक पाडलं. ह्या वेळी दाभण मी धरलं, तिचा हात कापतो. परत शिंतोडे उडतात. भिंतीला फडका मीच लावून ठेवलाय. मग पंपाचं बटण बंद करून बघितलं, वीज गेल्यासारखं. पाणी दोन बोटं उतरलं आणि भोकाने फुर्र करून हवा घेतली. थांबलं! मास्तरीण माझ्याकडे बघून मान डोलावत होती, जशी मीच तिची परीक्षा पास झाले. मेली.

२३ फेब्रुवारी

भिंगरीचा फोन! रविवारी येतेय! मी फोन घेतला, मास्तरणीने मागून कान लावला. "आजी, खूप बोलायचंय," म्हणाली. मी म्हटलं, ये, शेठ वाट बघतोय. "कोण?" म्हणाली, मग फोन कापला गेला.

२७ फेब्रुवारी

टाकीची काच पुसण्यावरून भांडण. मी वर्तमानपत्राने पुसते, तिला मऊ कापड हवं. मी डावी बाजू पुसली, तिने उजवी. माझी जास्त चमकते. मासेवाल्याला विचारलं तर म्हणतो, "दोन्ही छान, आजी." असे लोक धंद्यात पुढे जातात.

मास्तरणीने एका कागदावर लिहून काढलंय — पाणी कसं खाली जातं, कसं वर येतं. भिंगरीला दाखवणार. मी काही लिहिलेलं नाही. मी नुसतं बोट टेकवणार, शेठ येणार. पोर टाळ्या वाजवणार!

१ मार्च

आली. उंच झाली की काय कोण जाणे, केस कापलेत. मला मिठी मारली, मग तिला. मला जास्त वेळ. जेवताना बोलत होती, बोलत होती — नोकरी लागली, तिथेच राहणार, खोली घेतली मैत्रिणीबरोबर. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता तिला वाढत होतो.

मग खोलीत नेलं. मास्तरणीने दिवा लावला. पाणी इतकं नितळ की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. डबीतून पाणी उतरत होतं, कंगव्याच्या दात्यांवरून चकचक करत. मी बोट पुढे केलंच होतं.

भिंगरी म्हणाली, "अय्या! हे अजून आहेत?"

मी म्हटलं, "अगं, मग!"

"बाबांना मी केव्हाच सांगितलं होतं, देऊन टाका म्हणून. तुम्हाला उगाच त्रास. आणि हे एवढं मोठं काय लावलंय मागे?" मग तिचा मोबाइल वाजला आणि ती बाल्कनीत गेली.

मास्तरणीने कागदाची घडी घातली. परत घातली. आणखी घालायला जागा उरली नाही.

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "सांगणार होतो गं. राहून गेलं."

२ मार्च

सकाळी भिंगरी गेली. जाताना पाया पडली, गोड मुलगी आहे, तिचं काही चुकलं नाही. जाता जाता तिनेच मासेवाल्याला फोन केला. उद्या येऊन मासे, डबी, सगळं घेऊन जाणार. मुलगा म्हणाला, "चला, सुटलो!"

मी दिवसभर काचेपाशी बसले, मास्तरीण खालच्या टाकीपाशी. मागे पाणी वाजत होतं.

३ मार्च

मासेवाला आला. मी उठायच्या आत मास्तरीण दारात! एवढ्या घाईने गेलेली तिला कधी पाहिली नाही. म्हटलं, दिले हिने मासे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तर ती म्हणते, "मासे? इथे कुठले मासे? घर चुकलात तुम्ही."

तो हसत माझ्याकडे बघायला लागला. "अहो आजी—"

मी पुढे झाले, त्याच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.